शीग, सपाट आणि काटा

एक लिटर तेलाच्या पिशवीवर बारीक अक्षरांत ९१० ग्रॅम असंही छापलेलं असतं. दिवाळीच्या वाणसामानात अशा चार-पाच पिशव्या घरी येतात, पण ती दुसरी ओळ वाचायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. जो पडतो, त्याचा पहिला संशय दुकानदारावर जातो: नव्वद ग्रॅम गेले कुठे? ते कुठेच गेलेले नसतात. तेल पाण्याहून हलकं, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. लिटरभर पाणी किलोभर भरतं, लिटरभर तेल भरत नाही.

गंमत इथे संपत नाही. तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं लिटरभर तेल २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. काही उत्पादक पिशवीवर लिटरच्या आकड्यासोबत साठ अंशांसारखं चढं तापमान छापत होते. त्या तापमानाचा लिटर म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती थोडं कमीच तेल. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना सांगितलं, की तापमानाचा उल्लेख काढा आणि आकारमानासोबत वजनही छापा. कढईत पडल्यावर तेल काय तापायचं ते तापेल. विकताना त्याची वाफ गिऱ्हाइकाला नको.

लिटर आणि किलोचं हे भांडण स्वयंपाकघरात रोजच चालतं. फरक एवढाच, की तिथे लिटरच्या जागी वाटी असते, आणि वाटीवर काहीच छापलेलं नसतं.

मराठी स्वयंपाकात वाटी हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं माप आहे आणि त्याला कोणतीही अधिकृत व्याख्या नाही. घरातल्या मांडणीवरच्या चार वाट्या पाण्याने काठोकाठ भरून पाहाव्यात: तुपाची, आमटीची, रुखवतात आलेली आणि हळदीकुंकवाला मिळालेली. कुठलीत १२० मिलिलिटर पाणी मावतं, कुठलीत १५०, तर खोलगट असली तर २०० देखील. तरीही पिढ्यान्‌पिढ्या ‘दोन वाट्या रवा, दीड वाटी साखर’ एवढ्यावर लाडू वळले गेले, आणि वळले गेले ते चांगलेच. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि घराघरांत पोचलं. लेखिकेला ‘दीड लाख सुनांची सासू’ म्हणायचे, ते पुस्तकाच्या खपावरून. त्या पुस्तकाची ओळखही वाटी-चमच्याचं नेमकं प्रमाण हीच. बिनव्याख्येच्या मापावर एवढा नेमकेपणा कसा उभा राहिला?

उत्तर सोपं आहे. वाटी हे माप म्हणून वापरलंच जात नाही, ती प्रमाण म्हणून वापरली जाते. रवाही त्याच वाटीने, साखरही त्याच वाटीने, तूपही त्याच वाटीने घेतलं, की वाटी लहान असो वा मोठी, लाडू तोच होतो. फक्त दहाच्या जागी चौदा होतात. वाटी बदलली तरी वाट्यांमधलं नातं बदलत नाही. ही व्यवस्था अडाणी आहे असं काटेवाल्यांना वाटतं, पण ज्या घरात काटा नव्हता तिथे तिच्याइतकी पक्की दुसरी कुठली युक्ती नव्हती.

घोटाळा होतो तो पाककृतीत बाहेरचं माप शिरतं तेव्हा. ‘अर्धा लिटर दूध, एक वाटी साखर’ हे वाक्य निरुपद्रवी दिसतं. पण १२० मिलिलिटरच्या वाटीत साखर मावते साधारण शंभर ग्रॅम आणि २०० च्या वाटीत १६५ च्या पुढे. दूध तेवढंच. एकीची खीर मुलं मागून खातात, दुसरीची तोंडाला मिठी मारते, आणि दोघींनीही कृती तंतोतंत पाळलेली असते. ‘तीन अंडी, एक वाटी मैदा’ याचंही तेच. अंडं काही वाटीकडे बघून लहान-मोठं होत नाही, टरफल सोडून ते पन्नास ग्रॅमच्या आसपासच भरतं. ‘एक नारळ, दोन वाट्या साखर’ यात तर दोन्ही बाजू मोकळ्या. आणि चिवडा! अर्धा किलो पातळ पोहे, एक वाटी शेंगदाणे, अर्धी वाटी खोबऱ्याचे काप, पाव वाटी तेल, मीठ चवीनुसार. एका वाक्यात वजन, आकारमान आणि जीभ अशी तीन मापं. पोहे किलोने सांगायचं कारण उघड आहे: ते किलोने विकत आणतात, आणि वाटी भरून घेतले तरी काटा फारसा हलत नाही.

वाटीच्या आधी शेर होता, आणि शेर तर दोन होते.

एक वजनी शेर, दुसरा मापी. वजनी शेर ऐंशी तोळ्यांचा. तोळा ब्रिटिश अमदानीत रुपयाच्या नाण्याशी बांधलेला, १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्या हिशेबाने शेर ९३३ ग्रॅम, चाळीस शेरांचा मण ३७.३२ किलो, आणि शेराचा सोळावा हिस्सा म्हणजे छटाक, ५८ ग्रॅमची. मुंबईचा जुना शेर मात्र याहून कितीतरी लहान. त्याचे चाळीस मिळून २८ पौंडांचा मण व्हायचा. म्हणजे मुंबईतला मण पावणेतेरा किलोचाही नाही. घाट उतरला की शेर बदलत असे.

मापी शेर हे भांडं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही कोष्टकं जुन्या शाळांत पाढ्यांसारखी घोकून घेत. पुढे मण किती पायल्यांचा, यावर मात्र एकमत नव्हतं. कुठे बारा, कुठे सोळा. धान्य पायलीने मोजलं जाई आणि गूळ, तूप, साखर तराजूने. त्यामुळे ‘शेरभर’ हा शब्द ऐकला तरी कशाचा शेर, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नव्हता. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे यांचं भांडं एक, ओझं निराळं. खेड्यापाड्यांत पायली आजही पुरती मेलेली नाही, आणि तिचे किलो किती हे विचारलं तर गावागणिक उत्तर बदलतं.

या भांड्यांनी भाषेत मोठं बिऱ्हाड केलं आहे. शेरास सव्वाशेर भेटतो, मापात पाप होतं, नवी सून उंबरठ्यावरचं माप ओलांडून घरात येते. आणि उत्साह शिगेला पोचतो. ही शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहणारा धान्याचा शंकू. शिगोशीग माप आणि हात फिरवून सपाट केलेलं माप यांत किती फरक पडतो? गणित करता येतं. ढिगाचा उतार ३५ अंशांचा धरला आणि मापाची उंची त्याच्या रुंदीइतकी असली, तर शिगेत सुमारे बारा टक्के धान्य जास्त बसतं. भांडं उथळ असलं, उंची रुंदीच्या निम्मी असली, तर तेवीस टक्के. घरातली वाटी याच दुसऱ्या घाटाची. म्हणजे ‘भरून वाटी’ आणि ‘सपाट वाटी’ यांत जवळपास पाव वाटीचा फरक आहे. सावकार घेताना शीग घेतो आणि देताना सपाट देतो, ही तक्रार उगाच नव्हती.

पाण्याला शीग नाही, तेलाला नाही. मोहरीची बुटकी, कारण तिचे गोल दाणे घरंगळतात. पिठाची सगळ्यात उंच.

किलो आला तो स्वातंत्र्यानंतर. १९५६ मध्ये वजन-मापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला, १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजनं बाजारात उतरली आणि १९६२ च्या एप्रिलपर्यंत देशभर सक्तीची झाली. दुकानातला शेर गेला. छटाक, अच्छेर, पावशेर काही काळ जिभेवर रेंगाळले. पावशेर तर पाव किलोच्या अंगात शिरून अजून भाजीबाजारात हिंडतो. मात्र कायदा दुकानाच्या फळीपर्यंतच पोचला. फळीच्या अलीकडे किलो, पलीकडे घरात वाटी, आणि मधला पूल कुणी बांधून दिलाच नाही.

हा पूल नसल्याची अडचण एकट्या मराठी घरांची नाही. अमेरिकेतही स्वयंपाक कपाने चालतो. बॉस्टनच्या पाककला शाळेच्या मुख्याध्यापिका फॅनी फार्मर यांनी १८९६ मध्ये आपलं गाजलेलं पुस्तक काढलं आणि कप, चमचा सुरीच्या पात्याने सपाट करून घ्यायचा, असा दंडक घातला. शिगेचा निकाल त्यांनी असा लावला. पण कप एकच राहिला नाही. अमेरिकेचा कप २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा, जपानचा २०० चा. राइस कुकरसोबत येणारा प्लास्टिकचा कप १८० मिलिलिटरचा. ते जपानचं तांदूळ मोजायचं जुनं माप, गो. परदेशी गेलेल्या मराठी घरांत हे सगळे कप एकाच खणात नांदतात, आणि त्यांत गावाहून आणलेली वाटीही असते. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा वीस मिलिलिटरचा, बाकी बहुतेकांचा पंधराचा. म्हणजे सिडनीत बसून मेलबर्नची कृती करावी आणि शिकागोत बसून शिकागोची. अदलाबदल केली की केक बसतो.

मिठाने तर अमेरिकेत चांगलीच फसवणूक होते. तिथल्या पाककृतींत बहुधा कोशर मीठ असतं, जाड, पोकळ खड्यांचं. डायमंड क्रिस्टल या कंपनीचं चमचाभर कोशर मीठ तीन ग्रॅमही भरत नाही. मॉर्टन कंपनीचं पाचाच्या जवळ जातं. आणि आपलं बारीक मीठ त्याच चमच्यात सहा ग्रॅम. अमेरिकेतली कृती वाचून पुण्यात चमचाभर बारीक मीठ घातलं, की पदार्थ दुप्पट खारट. चूक ना कृतीची, ना करणाऱ्याची, खड्यांमधल्या हवेची.

आणि पीठ हे तर या हवेचं माहेरघर.

किंग आर्थर ही अमेरिकेतली जुनी पीठ कंपनी आपल्या कोष्टकात कपभर मैदा १२० ग्रॅम धरते. तो चमच्याचमच्याने अलगद कपात सोडून वर सपाट केलेला. तोच कप डब्यात खुपसून भरला, की सहज १४०-१५० ग्रॅम भरतो. चाळून घेतला तर १२० च्या खाली. मैदा तोच, कप तोच, माणूसही तोच, आणि फरक पावपट. साखरेच्या बाबतीत असं होत नाही, तिचे दाणे दाबून दाबले जात नाहीत. अमेरिकी कपात ती दोनशे ग्रॅमच्या आसपास, कशीही भरा. पिठीसाखर केली की तीच साखर त्याच कपात सव्वाशेच्या आत येते. म्हणून ‘एक वाटी साखर, दळून’ आणि ‘एक वाटी दळलेली साखर’ या दोन गोष्टी आहेत, आणि बेसनाच्या लाडवात त्यांचा फरक जिभेला कळतो.

चकलीच्या भाजणीकडे या नजरेने पाहायला हवं. गिरणीतून आलेली भाजणी कोमट आणि फुललेली असते. डब्यात चार-आठ दिवस राहिली, डबा दोनदा हलला, की ती बसते. पहिल्या दिवशीची वाटी आणि आठवड्यानंतरची वाटी यांत पीठ सारखं नसतं. उकड मात्र दोन्ही वेळा वाटीला वाटी पाणी घेऊन, मोहन दोन्ही वेळा तेवढंच चमचाभर. मग एका घाण्याच्या चकल्या तेलात विरघळतात आणि दुसऱ्याच्या दाताला लागतात, आणि दोष जातो तांदळाला, गिरणीवाल्याला, नाहीतर नजर लागण्याला. भाजणीचं धान्य बहुतेक घरांत किलोनेच येतं. किलो तांदूळ, अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, पाव किलो उडदाची डाळ, इथपर्यंत सगळं तराजूत. भाजून दळून आणल्यावरच हातात वाटी येते. जिथे वजनाची खरी गरज सुरू होते, तिथेच वजन सोडून दिलं जातं.

अनारशाचंही तसंच. गूळ किसलेला, चिरलेला की दाबून भरलेला, यावर वाटीतल्या गुळाचं वजन पार बदलतं. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात हसतो, आणि करणारीला रडू येतं.

मग वाट्यांचे ग्रॅम कसे करायचे? छापील कोष्टकं खूप आहेत, पण ती दुसऱ्याच्या वाटीची असतात. आपलं कोष्टक आपणच करावं, आणि त्याची किल्ली पाणी आहे. वाटी काट्यावर ठेवून काटा शून्य करावा, काठापर्यंत पाणी भरावं. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. लिटर आणि किलोचं मूळ नातंच पाण्यातून आलेलं आहे. १९६४ पर्यंत लिटरची अधिकृत व्याख्याही एक किलो पाण्याचं आकारमान अशीच होती. एकदा वाटीचे मिलिलिटर कळले, की पुढचे जिन्नस एकेक करून, नेहमीच्या सवयीने भरून तोलायचे. नेहमीच्या सवयीने, हे महत्त्वाचं; आजवरचे लाडू त्याच सवयीने जमलेले असतात.

दीडशे मिलिलिटरच्या सपाट वाटीला ढोबळ आकडे असे येतात: पाणी १५०, साखर १२५ च्या आसपास, बारीक रवा शंभर, पातळ केलेलं तूप १३५ ते १४०, अलगद भरलेला मैदा ऐंशीच्या जवळ, बेसन त्याहूनही थोडं कमी, तांदूळ सव्वाशेच्या आसपास, दूध पाण्याहून किंचित जास्त. यावरून एक गोष्ट लगेच दिसते. ‘एकास दोन पाणी’ घालून केलेला भात वजनाने एकास दोन नसतो, तो एकास सुमारे दोन पूर्णांक चार असतो. मोदकाच्या उकडीत पिठी आणि पाणी वाटीला वाटी, पण वजनाने पाणी दीडपटीहून जास्त. वाट्यांचं प्रमाण जसंच्या तसं ग्रॅममध्ये उतरवलं, शंभर ग्रॅम पिठीला शंभर ग्रॅम पाणी घेतलं, तर उकड कोरडी होते आणि मोदकाला कळ्या पडायच्या आधी भेगा पडतात. नवा काटा आणलेल्या उत्साही मंडळींची ही हमखास होणारी चूक.

काट्याला सगळं कळतं असंही समजू नये. घरगुती काटा साधारण एकेक ग्रॅमने सरकतो. दोन ग्रॅम सोडा किंवा चिमूटभर वेलदोड्याची पूड तोलायला तो निरुपयोगी. तिथे सपाट चमचाच बरा.

आकारमान आणि वजन यांची सांगड व्यापाऱ्यांनी मात्र कधीच सोडली नव्हती, कारण त्यांना त्यातून मालाची जात कळते. गव्हाच्या व्यवहारात हेक्टोलिटर वजन पाहतात: शंभर लिटर गहू किती किलो भरतो. चांगला, भरलेल्या दाण्याचा गहू ७६ ते ८० किलोच्या आसपास जातो. सुरकुतलेला, पोचट दाणा मागे पडतो. दुधात बुडवायचा लॅक्टोमीटर हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने विचारतो. एवढ्या दुधाचं वजन किती हवं होतं आणि किती आहे? पाणी घातलं असेल तर तो खाली जातो. आजी तांदळाची मूठ हातात उचलून ‘हलका आहे गं हा’ म्हणायची, तेव्हा तीही हेच करत होती.

किलोची स्वतःची गोष्टही अलीकडे बदलली. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल होता. त्याची भारताच्या वाट्याला आलेली प्रत, क्रमांक ५७, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या त्या धातूवरून काढून प्लांकच्या स्थिरांकावर नेली. जगभरचे शास्त्रज्ञ त्यासाठी वर्षानुवर्षं झटले. आमटीच्या वाटीची व्याख्या करायला अजून कुणी बसलेलं नाही, आणि बसूही नये.

राहता राहिली शंकरपाळी. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप, आणि मावेल तेवढा मैदा. मराठी पाकशास्त्रातलं हे बहुधा सगळ्यात प्रामाणिक माप. मैदा किती ओलसर आहे, तूप किती पातळ आहे, यावर किती मावेल हे ठरतं, आणि ते हाताला कळतं. काट्याला आधी सांगता येत नाही. पण नंतर सांगता येतं. यंदा मळायला बसण्याआधी मैद्याचा डबा काट्यावर ठेवा, आकडा लिहा. गोळा मनासारखा झाला की डबा पुन्हा ठेवा. दोहोंमधला फरक वहीत ‘मावेल तेवढा’च्या पुढे टिपून ठेवा. सोबत तारीख घाला आणि कोणती वाटी घेतली तेही लिहा: तुपाची, आमटीची, की हळदीकुंकवाची.